खरी कमाई

(द्वितीय वर्ष, कला)

'श्रमदान' हा शब्द कानाला फार गोड लागतो. सूचनाफलकावर तो लिहिला की खाली सही करणाऱ्या प्राध्यापकांना बरे वाटते आणि यादीत नाव घालणाऱ्या विद्यार्थ्यालाही. पण या शब्दाच्या शेवटी जे 'दान' आहे त्याची मला अलीकडे थोडी भीती वाटू लागली आहे. फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवू नयेत म्हणून आपल्याकडे 'धर्माची गाय आणि दात का नाय' असे म्हणतात. धर्मादाय श्रमांनाही आपण हीच म्हण लावून टाकतो. खड्डा वाकडा खणला, रोप कलते लावले, अंगण अर्धेच झाडले, तरी कोणी बोलायचे नाही. कारण ते दान! छायाचित्र निघाले, टाळ्या झाल्या, चहा झाला की काम झाले.

याच कामासाठी दुसरा एक शब्द आपल्यापाशी आहे आणि तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. तो म्हणजे 'खरी कमाई'. स्काउटच्या मुलांमुळे तो महाराष्ट्रातल्या शाळांत रुजला. इंग्लंडमध्ये १९४९ पासून ईस्टरच्या आठवड्यात स्काउटची मुले घरोघर जाऊन एक शिलिंग घेत आणि सांगाल ते काम करून देत. आपल्याकडे त्या कल्पनेला 'खरी कमाई' हे नाव कोणी दिले कोण जाणे, पण ज्याने दिले त्याला मराठी चांगली कळत होती. दानात देणारा वरचा आणि घेणारा खालचा असतो. कमाईत मात्र दोघे समोरासमोर उभे राहतात. मी काम केले, तुम्ही दाम दिलात. काम वाईट झाले तर बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे.

हे सगळे सुचायला कारण झाले आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गाड्या धुण्याच्या उपक्रमाचे. वाचकांपैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल, काहींनी आपल्या मोटारसायकली धुऊनही घेतल्या असतील. त्याची हकीकत सांगण्यापूर्वी माझ्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, महामार्गालगतच्या एका सर्व्हिसिंग सेंटरवर गाड्या धुतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. थोरला भाऊ दहावीनंतर टेम्पोवर गेला. मी शाळेत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी आण्णांचा डबा घेऊन जाते. डबा रिकामा होईपर्यंत बसून काय करायचे म्हणून फडकी पिळायला लागले, मग रिमा पुसायला लागले. त्यामुळे गाडी कशी धुतात हे मला पुस्तकाशिवाय येणारे एकमेव शास्त्र आहे.

आता आधीच्या वर्षीचा, म्हणजे २०२४ चा उपक्रम कसा झाला ते सांगते. मी तेव्हा प्रथम वर्षात होते आणि मला पावत्यांच्या टेबलाशी बसवले होते. मुलींना टेबल आणि मुलांना पाइप, अशी वाटणी आधीच झालेली होती. दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि आमचा उपक्रम १० तारखेला. हेतू चांगला होता, ग्रंथालयाच्या पुस्तकपेढीसाठी पैसे जमवायचे होते. फ्लेक्स मोठा लागला. एका मोटारसायकलभोवती बारा जण, आणि बाराही जण पुढच्या बाजूला, कारण छायाचित्रकार पुढे उभा होता! पाइप जमिनीवर सोडलेला, पाणी गटाराकडे चाललेले. कपडे धुण्याची पावडर बादलीत, आणि जे फडके चाकाला तेच टाकीला. चाकाची वाळू टाकीवर फिरली की रंगावर बारीक ओरखडे उठतात, आणि ते उन्हात आल्यावरच दिसतात. दर ठरलेला नव्हता. 'स्वेच्छा देणगी' अशी पेटी ठेवलेली होती. लोक पेटीत दहाची नोट टाकीत, गाडीकडे एकदा पाहत, आणि काही न बोलता निघून जात. ४१ गाड्या धुतल्या, पेटीत २,१३७ रुपये निघाले. फ्लेक्स, पावडर, हार आणि अल्पोपाहार यांचा खर्च १,४८० रुपये. पुस्तकपेढीला मिळाले ६५७.

त्या संध्याकाळी आण्णा घरी आले. पायांची बोटे पाण्याने पांढरी पडलेली असतात, ती ते चुलीपाशी शेकत बसतात. आईने सहज विचारले, "आज गर्दी असंल?" आण्णा म्हणाले, "न्हाय. कालेजात पोरं धुत्यात म्हणं दहा रुपयात." एवढेच बोलले. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. पावसाने दांडी मारली हे शेतकरी जसे सांगतो तसे ते सांगितले.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करते. पावसाळ्याचे चार महिने गाडी धुऊन घेणारे फार थोडे. सकाळी धुतली तर दुपारी चिखल. आण्णांना मालक पगार देत नाही. गाडीमागे पैसे देतो. तेव्हा पावसाळ्यात हात रिकामा आणि उधारी भरलेली. खंडेनवमीला जशी कारागीर आपली हत्यारे पुजतो, शेतकरी अवजारे पुजतो, तशी आता माणसे आपली वाहने पुजतात. झेंडूचा हार घालायचा तर गाडी स्वच्छ हवी. त्यामुळे नवरात्राचे शेवटचे तीन दिवस सेंटरवर पहाटेपासून रांग लागते, आणि गाडीमागच्या पैशांवर गिऱ्हाईक खुशीही देते. चार महिन्यांची उधारी त्या तीन दिवसांत फिटते. आम्ही नेमका तो दिवस धरला होता.

मग २०२५ साल आले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीना नदीला पूर आला आणि सोलापूर जिल्ह्यात माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांतली गावे पाण्याखाली गेली. ज्या भागाला आपण दुष्काळी म्हणून ओळखतो तिथली माणसे होडीतून बाहेर काढावी लागली. २४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिन. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ही योजना देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. त्या आठवड्यात आमची बैठक भरली आणि पूरग्रस्त विद्यार्थ्यांसाठी निधी जमवावा असे ठरले. कसा जमवायचा? गाड्या धुऊन. केव्हा? १ ऑक्टोबरला. त्या दिवशी खंडेनवमी, दुसऱ्या दिवशी दसरा आणि गांधी जयंती एकत्र. याहून चांगला मुहूर्त कोणता?

मी उठून उभी राहिले. बैठकीत बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ, आणि आवाज कापत होता हे सांगायला हरकत नाही. मी म्हटले, "सर, दुसरा कुठलाही दिवस धरावा, पण हा नको." आणि कारण सांगितले. आण्णा काय काम करतात हे वर्गात फारसे कोणाला ठाऊक नव्हते. आता सर्वांना ठाऊक झाले.

तृतीय वर्षाचा आमचा एक प्रतिनिधी बोलण्यात हुशार आहे, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तो म्हणाला, "तिकडे लोकांच्या घरात कमरेएवढा गाळ आहे. त्यांचे दुःख मोठे की दोन गाड्यांचा धंदा? गेल्या वर्षी आपण ४१ गाड्या धुतल्या. गावात धुणारी माणसे वीस तरी असतील. माणशी दोन गाड्या कमी झाल्या, एवढाच तो हिशेब." हिशेब बरोबर होता. मला एवढेच सुचले, "दोन गाड्या म्हणजे आमच्या घरचा एका दिवसाचा किराणा आहे. आणि आपण देणार ते आपले असले पाहिजे. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून तिसऱ्याला वाढायची आणि वर वाढणाऱ्याचे नाव मात्र आपले, हे बरोबर नाही."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्या कार्यक्रमाधिकारी सरांनी जो मार्ग काढला तो मला आजही आवडतो. ते म्हणाले, घाईची मदत आज खिशातून करू आणि कष्टाची मदत सावकाश करू. लगेच टेबलावर रुमाल पसरला गेला. ज्याच्याजवळ जे होते ते त्यात पडले आणि त्याच संध्याकाळी रवाना झाले. गाड्या धुण्याचा दिवस मात्र पुढे ढकलून रविवार, १२ ऑक्टोबर हा ठरला. पाणी ओसरून शाळा सुरू होतील तेव्हा वह्या-पुस्तकांची गरज लागेलच, हा त्यामागचा विचार. तो प्रतिनिधी शेवटपर्यंत म्हणत होता की नवमीला दुप्पट पैसे झाले असते. कदाचित झालेही असते.

नंतर सरांनी मला बोलावून म्हटले, "दिवस तू बदललास, आता काम कसे करायचे तेही तूच सांग." मी ते आण्णांना विचारले. त्या रात्री आण्णा आणि त्यांचे दोन सोबती आमच्या ओट्यावर बसले आणि मी वही घेऊन समोर. वर्गातही मी इतक्या झपाट्याने टिपणे घेत नाही. त्यांचे म्हणणे असे होते:

पहिली गोष्ट दराची. "आमच्या दरापेक्षा सस्तं करू नगा," हे आण्णांनी आधी सांगितले. मोटारसायकलला ८० आणि मोटारीला ३०० हा सेंटरचा दर, तोच आमचा. स्वस्त केले की लोक उद्या सेंटरवरही तोच दर मागतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाइप वापरायचा नाही. आम्ही मोजून पाहिले. पंधरा लिटरची बादली महाविद्यालयाच्या पाइपाने एका मिनिटात भरते. म्हणजे पाइप दहा मिनिटे चालू राहिला की दीडशे लिटर गेले. बादलीने धुतले तर मोटारसायकलला दोन आणि मोटारीला पाच बादल्या पुरतात. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूला पाण्याची इतकी टंचाई झाली की पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड ठेवावा लागला होता. पूरग्रस्तांसाठी गाड्या धुताना पाण्याचा असा विचार करणे विचित्र दिसेल. पण आपल्याकडे महापूर आणि टँकर एकाच वर्षात येतात.

तिसरी गोष्ट हाताची. एका बादलीत साबण, दुसरीत साधे पाणी. फडके आधी साध्या पाण्यात खळबळायचे आणि मगच साबणात बुडवायचे, म्हणजे वाळू साबणात जात नाही. कपड्यांची पावडर नको, तिने रंगाचे तेज जाते. वरून खाली धुवायचे, चाके सर्वांत शेवटी, आणि चाकांचे फडके निराळे. गाडी सावलीत, इंजिन निवलेले. सायलेन्सरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. पुसून झाल्यावर चेनला तेलाचे चार थेंब द्यायचे, नाहीतर गाडी चकचकीत दिसते आणि चेन गंजते. "गाडी धुनं सोपं हाय," आण्णांचे सोबती म्हणाले, "पुसनं अवघड."

भूगोलाच्या मॅडमनी आणखी एक माहिती दिली. अमेरिकेत शाळांतली मुले निधीसाठी सर्रास मोटारी धुतात. पण तिथल्या वॉशिंग्टन राज्यात असे लक्षात आले की रस्त्याकडेच्या पावसाळी गटारांतून साबणाचे पाणी थेट नद्यांत जाते आणि सॅमन माशांना बाधते. म्हणून तिथे गटाराचे तोंड बंद करून ते पाणी सांडपाण्याच्या नळात किंवा हिरवळीवर सोडण्याची साधने मुलांना उसनी देतात. आम्ही आमच्यापुरते एवढेच केले, की रस्त्याकडची फरशी सोडून कडुनिंबाच्या रांगेतली मुरमाची जागा घेतली. पाणी तिथल्या तिथे जिरले.

राहिली गोष्ट माणसांची. या वेळी अकरावी-बारावीची मुलेही आली होती, सोळा-सतरा वर्षांची. अशा मुलांना उत्साह भरपूर असतो, पण नेमके काम दिले नाही तर तो एकमेकांच्या अंगावर पाणी उडवण्यात जातो. म्हणून सहा ठिकाणे केली. चार मोटारसायकलींची, दोन मोटारींची. मोटारसायकलीला चारच हात, मोटारीला सहा. प्रत्येक ठिकाणी एक प्रमुख, आणि गाडी झाली असे म्हणण्याचा अधिकार फक्त त्याला. तासाने कामे बदलायची. धुणारा पुसायला, पुसणारा पाणी आणायला. सायलेन्सर तापलेला असेल तर खडूने जमिनीवर फुली, मग पंधरा मिनिटे त्या गाडीला कोणी हात लावायचा नाही. पैशाचे टेबल एकच, तिथे एक मुलगा आणि एक मुलगी. फोनवरून आलेले पैसे योजनेच्या खात्यात आणि रोख पैसे पावतीवर. मुलींना टेबल आणि मुलांना पाइप ही वाटणी या वेळी मोडली. पाइपच नव्हता, हे त्यातले एक कारण!

सकाळी आठला सुरुवात झाली. पहिला तास फारच हळू गेला. एकेका गाडीला अर्धा तास लागत होता आणि रांग फाटकापर्यंत गेली. दहानंतर हात बसले. साडेअकराच्या सुमारास एक गृहस्थ आपली पांढरी मोटार घेऊन आले. काम झाल्यावर त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या दाराच्या खाचेत बोट घालून दाखवले, बोटाला चिखल. बारावीतला एक मुलगा हसून म्हणाला, "काका, पूरग्रस्तांसाठी आहे, चालवून घ्या." काकाही हसले आणि दाराला हात घालून बसायला निघाले. तेवढ्यात त्या ठिकाणची प्रमुख, बुटकीशी, अकरावीतली मुलगी, पुढे झाली. ती म्हणाली, "काका, दोन मिनिटे थांबा. पैसे तुम्ही पूर्ण दिलेत." तिने चारही दारे उघडली आणि आठही खाचा पुसून घेतल्या. ती मुलगी आमच्या बैठकीला नव्हती आणि आमच्या ओट्यावर तर नव्हतीच. तिला हे कोणी शिकवले नव्हते. सगळ्या उपक्रमात मला सर्वांत मोलाचे वाटले ते तिचे हे एक वाक्य.

दुपारी दोनला हिशेब केला. मोटारसायकली ६८, त्यांचे ५,४४० रुपये. मोटारी ११, त्यांचे ३,३०० रुपये. एकूण ८,७४०. शाम्पू, तेल आणि मुलांचा वडापाव मिळून खर्च ९२० रुपये. शिल्लक ७,८२०. पाणी तीन हजार लिटरच्या आत. फडक्यांना खर्च नाही. आण्णांनी जुन्या धोतरांची गाठोडीभर फडकी धुऊन, वाळवून पाठवली होती. फ्लेक्स लावला नव्हता, फळ्यावर खडूने लिहिले होते. हा हिशेब दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लागला आणि मी पाहिले, मुले तो थांबून वाचत होती. सीनाकाठच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना सरांनी फोन करून काय हवे ते विचारले. त्यांनी कपडे नकोत असे सांगितले, ते ढिगाने आले होते. दहावीच्या मुलांसाठी वह्या आणि कंपासपेट्या मागितल्या. तेवढ्याच घेतल्या, तेवढ्याच पाठवल्या.

आमच्या सातारा जिल्ह्याला ही गोष्ट नवी वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथली मुले स्वतः राबून शिकली. 'कमवा आणि शिका' हे त्या शिक्षणाचे सूत्र. त्यात 'कमवा' आधी आहे आणि 'शिका' नंतर, हे मला पूर्वी कधी जाणवले नव्हते. माझ्यासारख्या घरातल्या मुलांना शिक्षण दान म्हणून मिळावे असे त्यांना वाटत नव्हते. ते कमावता यावे असे वाटत होते.

एक प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. आम्ही जे सहा तास केले ते योजनेच्या १२० तासांत जमा झाले आणि वर्षअखेर त्याचे प्रमाणपत्र मिळेल. तेच काम आण्णा वर्षाचे बारा महिने करतात. त्यांचे तास कुठे जमा होत नाहीत. त्या रविवारीही ते सेंटरवरच होते, त्यामुळे आमचे काम त्यांनी पाहिले नाही. रात्री जेवताना मी पैशाचा आकडा सांगायला लागले, तर त्यांनी मधेच विचारले, "मोटारीला किती बादल्या लागल्या?" मी म्हटले, "पाच." ते म्हणाले, "चारीत हुईल. सवय झाली का."

पुढच्या वर्षीच्या स्वयंसेवकांसाठी एक सूचना लिहून ठेवते. अमेरिकेत काही धुलाई केंद्रे आपली कूपने शाळांना देतात. मुले ती विकतात, गाडी केंद्रावर धुतली जाते आणि किमतीचा काही भाग शाळेच्या निधीला मिळतो. आपल्या गावातल्या सेंटरच्या मालकांना हे विचारून पाहायला हरकत नाही. पावसाळ्यात, जेव्हा रॅम्प ओस पडलेले असतात, तेव्हा अशी शंभर कूपने आपण दारोदार हिंडून खपवली, तर निधीही जमेल आणि कोणाच्या तरी घरी उधारी थोडी कमी चढेल. ते झाले तर त्याला श्रमदान म्हणू नका. त्याचे नाव शाळेतच ठरले आहे.